वही भरली, सही झाली. पण इंग्रजी आली का?

बीड : दिवाळीची सुट्टी जवळ आली की जिल्हा परिषदेच्या शाळांत दोन गोष्टींची घाई सुरू होते. एक पहिल्या सत्राच्या संकलित चाचणीची आणि दुसरी वह्या पूर्ण करून घेण्याची. सहावी ते आठवीच्या वर्गात इंग्रजीची वही बहुधा सगळ्यात मागे राहिलेली असते. मग फळ्यावर एकामागून एक प्रश्नोत्तरं पडतात, पोरं ती उतरवून घेतात, टेबलावर वह्यांचा ढीग लागतो, लाल पेनाने बरोबरच्या खुणा होतात, खाली सही आणि तारीख. स्वाध्याय पूर्ण.

त्याच दिवसांत धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज या तालुक्यांतल्या गावांतून ऊसतोडीच्या गाड्या निघायला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. ज्यांच्या घरी सांभाळायला आजी-आजोबा नाहीत, ज्यांची हंगामी वसतिगृहात सोय झालेली नाही, त्यांची पोरंही सोबत जातात. ती परत येतात थेट मार्च-एप्रिलमध्ये.

या दोन्ही गोष्टी इंग्रजीच्या एकाच वहीत एकत्र येतात. सहावी-सातवीच्या वहीत एक अर्ज हमखास सापडतो: मुख्याध्यापकांना दोन दिवसांच्या रजेचा अर्ज. कारण ठरलेलं, ताप आला आहे. वर्गातली सगळी पोरं तो फळ्यावरून जसाच्या तसा उतरवतात. ज्याला पुढचे चार-पाच महिने शाळेतच यायचं नाही, त्यानेही तोच अर्ज लिहिलेला असतो. त्याच्या रजेचं खरं कारण त्याला मराठीत माहीत आहे. इंग्रजीत ते एका वाक्यात सांगायला मात्र त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

इंग्रजीच्या स्वाध्यायाचं दुखणं इथेच आहे. वही कोरी नाही, ती भरलेली आहे. पण तिच्यात पोराचं स्वतःचं एकही वाक्य नाही.

फळ्यावरून वहीत

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती २००० साली, रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री असताना. त्याआधी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला भेटायची. म्हणजे आज सहावीत बसलेल्या पोराच्या मागे इंग्रजीची पाच वर्षं असतात. पाच वर्षांत त्याने किती धडे 'केले' हे वह्यांवरून मोजता येईल. किती वाक्यं स्वतःची लिहिली, हे मोजायला गेलं तर बहुतेक ठिकाणी एका हाताची बोटं पुरतील.

वर्गात घडतं ते साधारण असं. गुरुजी धडा वाचतात, ओळीओळीचा मराठी अर्थ सांगतात. पोरं पुस्तकात इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहितात आणि पायाशी अर्थ. उद्या 'वाचायला' उभं केलं की पोरगं खडाखडा वाचतं, पण ते वाचत असतं वरची देवनागरी. पुढे धड्याखालचे प्रश्न. त्यांची उत्तरं फळ्यावर येतात किंवा गाईडमधून. निबंध, पत्र, अर्ज, संवाद हे सगळं तयार मिळतं. 'माय मदर' निबंधात नावाची जागा तेवढी बदलायची, बाकी सगळ्या आया एकसारख्या.

आता यात मोबाइलची भर पडली आहे. प्रश्नाचा फोटो काढला की भाषांतर मिळतं, पूर्ण उत्तरही मिळतं. घरी मोठ्या भावाचा फोन असला तर गाईडचीही गरज उरत नाही. उत्तर फळ्यावरचं असो, गाईडमधलं असो की फोनमधलं, पोराच्या वाट्याला काम एकच राहतं, ते उतरवण्याचं. 'घरून लिहून आणा' या स्वाध्यायात जो काही थोडा जीव होता, तोही फोनमुळे गेला.

उतरवून काढणं अगदीच वाया जातं असंही नाही. अक्षर वळतं, शब्दांची स्पेलिंग डोळ्याखालून जातात. ज्याचा अर्थ कळला आहे ते एकदा नीट लिहून काढण्याचा फायदाच होतो. अडचण येते ती सगळा स्वाध्याय तिथेच संपतो तेव्हा.

बिनचूक वही काहीच सांगत नाही

एखाद्या पोराने स्वतःहून 'आय स्कूल गो' असं लिहिलं तर ते चूक आहे. पण त्या चुकीतून शिक्षकाला पुष्कळ कळतं. पोराला तिन्ही शब्द येतात. 'मी शाळेत जातो' या मराठी वाक्याचा क्रम त्याने तसाच ठेवला आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येतं, एवढंच त्याला सांगायचं राहिलं आहे. दहा पोरांनी अशीच चूक केली तर उद्याचा तास कशावर घ्यायचा हे आपोआप ठरतं.

फळ्यावरून उतरवलेल्या वहीत अशी चूक सापडतच नाही. सापडली तर ती नजरचूक असते. तीस वह्या तपासूनही कोणाला काय येतं आणि कोण कुठे अडलं आहे हे शिक्षकाला समजत नाही. म्हणजे तपासण्याची मेहनत शंभर टक्के आणि हाती शून्य.

वाचनाचंही तसंच. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बऱ्यापैकी पक्कं असतं. इंग्रजीत 'बट' आणि 'पुट' यांच्या मधलं अक्षर एकच, उच्चार मात्र वेगळा. हे अंगवळणी पडायचं तर पोराने न वाचलेला मजकूर स्वतः वाचून पाहावा लागतो, अडखळावं लागतं. पाठ झालेला धडा शंभर वेळा म्हणून ते होत नाही.

देशाच्या ग्रामीण भागाचं चित्र काय आहे, हे 'असर' सर्वेक्षणाने दाखवलं आहे. घरी जाऊन मुलांसमोर अक्षरं, सोपे शब्द आणि सोपी वाक्यं ठेवायची आणि वाचायला सांगायचं, अशी त्याची रीत. २०२२ च्या अहवालानुसार देशात आठवीतल्या ४६.७ टक्के मुलांना इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचता आली. २०१६ मध्ये हे प्रमाण ४५.३ टक्के होतं. पाचवीचा आकडा २०१६ मध्ये २४.७ आणि २०२२ मध्ये २४.५ टक्के. सहा वर्षांत जवळपास हालचाल नाही. हे आकडे देशाचे आहेत, एकट्या बीड जिल्ह्याचे नाहीत. पण आठवीतली निम्म्याहून जास्त पोरं सोपं वाक्य वाचू शकत नसतील, तर त्यांच्या वह्यांत दोन-दोन पानी उत्तरं आली कुठून, हा प्रश्न इथल्या शाळांनाही विचारावा लागेल.

आकारिकचे गुण

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. एकाच लेखी परीक्षेवर पोराला तोलायचं नाही, वर्षभर त्याच्याकडे पाहायचं, हा त्यामागचा विचार. त्यासाठी आकारिक मूल्यमापनाची साधनं ठरली: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय वगैरे. पाचवी-सहावीला आकारिकला निम्मं वजन, सातवी-आठवीला चाळीस टक्के.

विचार चांगला होता. पण आकारिकचे गुण दिले की त्यांचा पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणून सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे भरलेली वही. पोरगं तोंडी काय बोललं हे दाखवता येत नाही, वही दाखवता येते. शाळेला भेट द्यायला आलेले साहेबही आधी वह्याच मागतात. वही पूर्ण असेल आणि त्यावर सही-तारीख असेल तर शेरा चांगला पडतो. अपूर्ण असेल तर खुलासा द्यावा लागतो. मग गुरुजींनी कोणता रस्ता धरावा? ज्यात वही लवकर भरते तो.

स्वतःचं लिहायला लावलं तर वहीत चुका दिसतात, पानं अर्धवट राहतात, अक्षर वेडंवाकडं येतं. अशी वही तपासणीत वाईट दिसते. शिकण्याच्या दृष्टीने चांगली ती वही कागदोपत्री कच्ची ठरते आणि कागदोपत्री पक्की ती शिकण्याच्या कामाची नसते. एकट्या शिक्षकाने हे उलटं गणित सुलटं करायचं म्हटलं तर अवघड आहे.

पुस्तकांतल्या कोऱ्या पानांचा अनुभवही ताजा आहे. २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांचे चार भाग झाले आणि धड्यांनंतर 'माझी नोंद' म्हणून कोरी पानं आली. पोराने वर्गात सुचेल ते, महत्त्वाचं वाटेल ते तिथे टिपावं अशी कल्पना होती. पण स्वतःची नोंद करायची सवयच नसेल तर कोऱ्या पानावर लिहायचं काय? कुठे ती पानं कोरी राहिली, कुठे त्यांवरही फळ्यावरची उत्तरं उतरली. दप्तरातल्या वह्या काही कमी झाल्या नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने हा निर्णय मागे घेतला. पान दिल्याने लिहिणं येत नाही, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

एक शिक्षक, तीन भाषा

गुरुजींना दोष देऊन हा विषय संपत नाही. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्यात विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा या गटांना किमान एकेक शिक्षक हवा असं आहे. पटसंख्या कमी असलेल्या गावातल्या शाळेत या 'किमान'लाच कमाल समजलं जातं. म्हणजे मराठी, हिंदी, इंग्रजी या तिन्ही भाषा आणि सहावी, सातवी, आठवी हे तिन्ही वर्ग एकाच भाषा शिक्षकाकडे.

हिशेब मांडून पाहू. एका वर्गात ३० पोरं धरली तर तीन वर्गांची ९०. प्रत्येकाच्या तीन भाषांच्या वह्या म्हणजे २७०. एका वहीला फक्त दोन मिनिटं दिली तरी ५४० मिनिटं, म्हणजे नऊ तास होतात. तेही शिकवण्याचे तास सोडून. दोन मिनिटांत वहीतली वाक्यं वाचून होत नाहीत, सही मात्र होते.

त्यात बाकीची कामं आहेतच. कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामं देता येत नाहीत. पण निवडणुकीचं काम म्हणजे मतदार यादीचं कामही आलं, आणि ते मतदानाच्या दिवसापुरतं नसतं. शिवाय पायाभूत आणि संकलित चाचण्यांचे गुण विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरायचे, माहिती ऑनलाइन द्यायची, आहाराच्या नोंदी ठेवायच्या. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयानंतर तर कमी पटाच्या शाळांना शिक्षक राहणार की नाही हाच वाद उभा राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये शिक्षक त्यासाठी रस्त्यावर उतरले.

शिक्षकाच्या स्वतःच्या इंग्रजीचाही मुद्दा आहे आणि तो लाजण्यासारखा नाही. मराठी माध्यमातून शिकून, डी.एड. करून आलेल्या माणसाला पोराने लिहिलेलं एखादं वेगळंच वाक्य बरोबर की चूक हे पटकन सांगता येईलच असं नाही. फळ्यावर गाईडमधलं उत्तर लिहिलं की तो धोका टळतो. अशा वेळी शिक्षकाला शिक्षकांचाच आधार लागतो. राज्यात 'तेजस' प्रकल्पातून इंग्रजीच्या शिक्षकांचे छोटे गट तयार झाले होते. महिन्यातून एकदा भेटायचं, वर्गातल्या अडचणी बोलायच्या, इंग्रजीतूनच बोलायचा सराव करायचा, असं त्याचं स्वरूप. अंबाजोगाईच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला केंद्र पातळीवरच्या शिक्षण परिषदांत असा अर्धा तास काढणं अशक्य नाही.

आठवीला अडणार, दहावीला पडणार

हे सगळं आतापर्यंत चालून गेलं, कारण आठवीपर्यंत कोणी नापास होत नव्हतं. आता तसं राहिलेलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने नियम बदलले आणि २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. प्रत्येक विषयात किमान ३५ टक्के हवेत. ते नसतील तर मार्गदर्शन करून पुन्हा परीक्षा, तिथेही जमलं नाही तर त्याच वर्गात. आठवीच्या विषयांत इंग्रजी आहेच.

पुढे दहावी. दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत पुस्तकाबाहेरचा उतारा असतो. पत्र असतं, पण विषय दिलेल्या माहितीवरून मांडायचा असतो. एखाद्या तक्त्यावरून परिच्छेद लिहायचा असतो, एखाद्या मुद्द्यावर आपलं मत मांडायचं असतो. पाठांतरावर आलेलं पोरगं इथे अडकतं, कारण हा उतारा त्याने कधी पाहिलेला नसतो आणि मत मांड असं त्याला कोणी आधी म्हटलेलं नसतं. सहावी, सातवी आणि आठवी ही तीन वर्षं या तयारीची असतात. ती उतरवण्यात गेली तर नववीत शिक्षकाला मुळाक्षरांपासून सुरुवात करायला वेळ नसतो.

सेमी इंग्रजीच्या वर्गांत ही गोष्ट आणखी अंगावर येते. तिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आहे. ज्याला इंग्रजीचं सोपं वाक्य वाचता येत नाही, त्याला विज्ञानाची व्याख्या समजून कशी घेता येणार? तो तीही पाठ करतो. इंग्रजी कच्ची राहिली की तिच्यासोबत गणित-विज्ञानही जातं. गावातले आई-बाप पोटाला चिमटा घेऊन लेकरांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवतात, त्यामागे बऱ्याचदा हीच भीती असते. पट घटतो, शिक्षक कमी होतो, उरलेल्या शिक्षकावर वह्या वाढतात. चक्र तिथूनच पुन्हा फिरतं.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या निर्णयावरून राज्यभर रान उठलं आणि जूनअखेर सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. कोणती भाषा कितवीपासून, यावर सगळे पक्ष बोलले. जी भाषा पंचवीस वर्षांपासून पहिलीपासून आहे ती वर्गात कशी शिकवली जाते, यावर मात्र फारसं कोणी बोललं नाही.

कोपीवर गेलेलं पोरगं

कारखान्यावर गेलेल्या पोरांचा प्रश्न याहून वेगळा आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत आहे. पोरगं कितवीत आहे, त्याला काय येतं, हे त्यावर लिहिलेलं असतं, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावं. प्रत्यक्षात फड आज इथे तर पंधरा दिवसांनी दुसरीकडे. आई-बाप पहाटे कोयता घेऊन निघाले की धाकट्या भावंडाला सांभाळायचं काम थोरल्यावर, त्यातही थोरलीवर येतं. शाळा जवळ असली तरी लांबच.

मार्च-एप्रिलमध्ये हे पोरगं गावाकडे येतं तेव्हा दुसऱ्या सत्राची वही कोरी असते. परीक्षा तोंडावर. मग शेजारच्याची वही घेऊन चार महिन्यांचं चार दिवसांत उतरवून काढायचं. वही भरते, आकारिकचा पुरावा तयार होतो. पोरगं मात्र दिवाळीला जिथे होतं तिथेच असतं. किंबहुना मागेच आलेलं असतं, कारण मधल्या काळात इंग्रजीचा एक शब्द डोळ्यांपुढून गेलेला नसतो.

खरं तर या पोराकडे सांगायला वर्गातल्या इतरांपेक्षा जास्त असतं. ट्रकमधला प्रवास, कोपी, पाचट, मोळ्या, साखर कारखान्याचा भोंगा, थंडीतली पहाट, कानडी बोलणारा दुकानदार. यातल्या पाच गोष्टी पाच साध्या इंग्रजी वाक्यांत आल्या तरी ते चार महिन्यांच्या उसन्या वहीपेक्षा मोलाचं होईल. जाताना पोराच्या हातात शिक्षण हमी पत्रकासोबत वीस पानी वही आणि पन्नास नेहमीच्या शब्दांची यादी देता येते. आठवड्याला तीन वाक्यं लिहायची आणि जमेल तेव्हा आईच्या किंवा बापाच्या फोनवरून फोटो पाठवायचा. सगळ्यांना जमणार नाही. काहींना जमलं तरी आल्यावर शिक्षकाला कळेल की हे पोरगं आता कुठे उभं आहे.

काय करता येईल?

यासाठी नवीन योजना, नवीन निधी, नवीन ॲप यांतलं काही लागत नाही. थोडी मांडणी बदलावी लागेल.

पहिलं, लिहिणं वर्गात आणावं लागेल. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, गाईड आणि फोन बाजूला. विषय घरचा हवा: आठवडी बाजार, आमची शेळी, काल गावात काय झालं, पाणी कुठून आणतो. सहावीला तीन वाक्यं, आठवीला सात-आठ. शब्द अडला तर मराठी शब्द तसाच लिहू द्यायचा. 'बैल'ची इंग्रजी आठवली नाही म्हणून पोराने वाक्यच सोडून देण्यापेक्षा ते बरं. भाषा शिक्षक एकच असल्याचा इथे फायदाही होतो. तोच विषय सोमवारी मराठीत बोलून घेतला तर गुरुवारी इंग्रजीत लिहायला पोराकडे काहीतरी असतं.

दुसरं, तपासणं कमी करावं, वाचणं वाढवावं. दर आठवड्याला प्रत्येक वर्गातल्या दहा पोरांचंच लिखाण घ्यायचं. तीन वर्गांची ३० पानं, दोन मिनिटं धरली तर एक तास. तीन आठवड्यांत प्रत्येकाचा नंबर लागतो. सगळ्या चुका लाल करायच्या नाहीत. एका वेळी एकच चूक धरायची, या महिन्यात क्रियापदाची जागा, पुढच्या महिन्यात कॅपिटल अक्षर आणि पूर्णविराम. पान लालेलाल झालं की पोरगं पुढच्या वेळी लिहीतच नाही, हा अनुभव कोणत्याही शिक्षकाला नवा नाही.

तिसरं, वाचायला पुस्तकाबाहेरचं काहीतरी द्यावं. गावात इंग्रजी नाही असं म्हणता येत नाही. बियाण्याच्या पाकिटावर आहे, खताच्या गोणीवर आहे, औषधाच्या पट्टीवर आहे, रिचार्जच्या मेसेजमध्ये आहे. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरची धोक्याची सूचना किंवा गोळ्यांच्या पट्टीवरची मुदत पोराला वाचता आली तर त्याचा उपयोग घरालाही होतो. डोक्यावर उच्चार लिहिलेला नसताना चार ओळी वाचून काय कळलं ते मराठीत सांगायचं. वाचनाचा स्वाध्याय एवढाच.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, तपासणीची पद्धत बदलावी लागेल. हे शिक्षकाच्या हातात नाही, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी यांच्या हातात आहे. आकारिकचा पुरावा म्हणून पोराने स्वतः लिहिलेली सत्रातली पाच पानं मान्य केली, त्यात चुका असल्या तरी चालतील असं लेखी सांगितलं, तर शिक्षकाचा हात मोकळा होईल. शाळाभेटीत वह्यांचा ढीग मोजण्याऐवजी दोन पोरांना त्यांच्याच वहीतल्या चार ओळी वाचायला लावल्या, तरी पुरे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम बदलतो आहे. एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकात सहावीचा क्रम २०२६-२७ चा आणि सातवीचा त्यानंतरच्या वर्षाचा ठेवला आहे. पुस्तक नवीन येईल, धडे नवीन येतील. त्यांची गाईडंही पाठोपाठ बाजारात येतील. वहीची रीत तीच राहिली तर नव्या धड्यांची उत्तरंही फळ्यावरूनच उतरतील.

पालकांनाही यात जागा आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीच्या बैठकीत पोषण आहार, शौचालय, रंगरंगोटी यांवर चर्चा होते, ती व्हायलाच हवी. इंग्रजीवर बोलायचं तर आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून आई-बाप गप्प बसतात. पण त्यासाठी इंग्रजी यायची गरज नाही. पोराची वही हातात घ्यायची आणि त्याला मराठीत एकच विचारायचं: यातलं तू स्वतः लिहिलेलं वाक्य कोणतं, आणि त्याचा अर्थ काय? पोराने बोट ठेवून दाखवलं तर शाळेत इंग्रजी चालू आहे. नाही दाखवता आलं तर तीच वही घेऊन पुढच्या बैठकीला जायला हरकत नाही.